घरात गॅसची लाइन टाकताना आधी जमिनीकडे बघा

सांगलीत विश्रामबाग असो, मिरज असो किंवा साताऱ्यातली एखादी नवी कॉलनी, स्वयंपाकघराला ट्रॉल्या बसवायचं ठरलं की पहिली गदा येते ती ओट्याखालच्या टाकीवर. तिची जागा ट्रॉल्यांना हवी असते. मग टाकी ड्राय बाल्कनीत जाते, भिंतीला भोक पडतं आणि तिथून शेगडीपर्यंत तांब्याची पाइप येते. टाइल्सच्या रंगावर घरात आठवडाभर खल होतो. ही पाइप कुठून न्यायची, हे मात्र ट्रॉलीवाला आणि फिटर चहा पिता पिता ठरवून टाकतात. वर्षानुवर्षं गॅस ज्या वाटेनं घरात येणार, ती वाट ठरताना घरातल्या माणसाचा एक शब्दही नसतो.

लाइन टाकणं हे घरच्या घरी करायचं काम नाही. ते गॅस एजन्सीला कळवून, या कामाची सवय असलेल्या फिटरकडूनच करून घ्यायचं. पण काम चालू असताना शेजारी उभं राहून चार प्रश्न विचारता आले पाहिजेत, आणि त्यासाठी गॅस कसा वागतो हे माहीत हवं.

टाकीत काय असतं

आपल्या लाल टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचं मिश्रण असतं. दाबाखाली ठेवल्यामुळे ते द्रवरूपात राहतं. टाकी हलवली की आत डुचमळतं ते हेच. प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतो, ब्युटेन शून्याच्या जवळपास. जिथे बर्फ पडतं अशा देशांत घरामागच्या मोठ्या टाकीत बहुतेक निव्वळ प्रोपेन भरतात, कारण कडाक्याच्या थंडीत ब्युटेनचा वायूच होत नाही. आपल्याकडे मिश्रण चालतं. तरी महाबळेश्वर-पाचगणीला डिसेंबरच्या पहाटे टाकी अर्धी रिकामी असली की ज्योत मलूल होते, ती याच कारणानं. गॅस संपलेला नसतो, द्रवाचा वायू होण्याचा वेग मंदावलेला असतो. अशा वेळी टाकी गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवणारे आणि आडवी पाडून हलवणारे लोक आहेत. दोन्ही उद्योग जिवावरचे. टाकी आडवी केली की वायूऐवजी द्रव रेग्युलेटरपर्यंत पोचतो, आणि एक लिटर द्रवाचा बाहेर आल्यावर सुमारे अडीचशे लिटर वायू होतो.

आता मुख्य मुद्दा. हा वायू हवेपेक्षा जड आहे: प्रोपेन सुमारे दीडपट, ब्युटेन सुमारे दुप्पट. गळलेला गॅस वर छताकडे जात नाही. तो पाण्यासारखा वागतो. ओट्यावरून खाली उतरतो, फरशीवर पसरतो, उंबऱ्याखालच्या फटीतून पुढच्या खोलीत जातो, जिन्याच्या पायऱ्या उतरतो आणि खोलगट जागा दिसली की तिथे साचून राहतो. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून ठरतं, मग ती टाकीची जागा असो, जाळीची उंची असो की पाइपची वाट. स्वयंपाकघरात वर एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्याला मी आधी खाली बघायला सांगेन.

थोडा हिशोब करू. हवेत या गॅसचं प्रमाण साधारण दोन ते साडेनऊ टक्के असलं की ठिणगीनं भडका उडतो. दहा बाय आठचं स्वयंपाकघर, उंची दहा फूट, म्हणजे सुमारे साडेबावीस घनमीटर हवा. तिच्यात दोन टक्के गॅस व्हायला अंदाजे एक किलो गॅस गळावा लागेल. मोठा बर्नर न पेटवता उघडा राहिला तर तासाला दीडशे-दोनशे ग्रॅम गॅस बाहेर पडतो, म्हणजे पाच तास झाले. ऐकायला बरं वाटतं. पण गॅस खोलीभर सारखा पसरतच नाही. तो तळाच्या अर्ध्या फुटात राहिला तर धोक्याची पातळी गाठायला किलो नव्हे, पन्नास ग्रॅम पुरतात. पंधरा मिनिटं. आणि त्या अर्ध्या फुटाच्या उंचीवर घरात काय असतं, तर फ्रिजच्या मागचा कॉम्प्रेसर. तो दिवसभर आपोआप चालू-बंद होत असतो आणि त्याच्या रिलेत दर वेळी बारीक ठिणगी उडू शकते.

म्हणून टाकी आत असो वा बाहेर, जमिनीलगत हवा खेळती हवी. ट्रॉलीच्या कप्प्यात टाकी ठेवलीच तर दाराला खालच्या बाजूला जाळी हवी. वर ठेवलेल्या नाजूक नक्षीच्या भोकांचा उपयोग शोभेपुरता.

दाब किती? फूटभर पाण्याइतका

तांब्याच्या पाइपबद्दल लोकांना एकच शंका असते: फुटणार तर नाही ना? टाकीच्या आत दाब चांगलाच असतो, उन्हाळ्यात चौरस सेंटिमीटरला पाच-सात किलो सहज. टाकी त्यासाठीच बनवलेली असते; तिची चाचणी सुमारे २५ किलो दाबाला होते. पण टाकीच्या तोंडावरचा रेग्युलेटर हा दाब उतरवून फक्त ३० ग्रॅमवर आणतो. चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम म्हणजे ३० सेंटिमीटर पाण्याचा दाब, फूटभर उंच पाण्याच्या तळाशी असतो तेवढा. लाइनमध्ये जन्मभर एवढाच दाब असणार. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या नळाच्या पाण्याला याच्या कितीतरी पट दाब असतो.

तेव्हा धड तांब्याची पाइप दाबानं फुटत नाही. गळती होते ती जोडातून, आणि पाइप कुणी खिळा मारून भोसकली तर त्या भोकातून. लाइनचा दर्जा पाइपच्या जाडीवर मोजण्यापेक्षा जोड किती आणि कुठे आहेत यावर मोजावा.

यातूनच एक पथ्य येतं. हा सगळा हिशोब घरगुती रेग्युलेटर टाकीवर बसलेला असताना खरा आहे. हॉटेलच्या भट्टीला लावतात तो जास्त दाबाचा रेग्युलेटर आणून घरच्या लाइनला बसवला, तर शेगडी, नळी आणि जोड यांतलं काहीच त्या दाबासाठी केलेलं नसतं. शेगडी जोरात चालावी म्हणून हा उपाय सुचवणारे महाभाग भेटतात. त्यांना दारातूनच परत पाठवा.

जोड

चांगला फिटर तांब्याची पाइप गुंडाळीतून एकसंध सोडतो आणि वळणं बेंडरनं किंवा स्प्रिंग घालून देतो. हातानं दाबून वाकवलेली पाइप वळणावर चेपते, तिथून गॅस कमी जातो आणि पुढे तिथेच तडा जाण्याची भीती. आळशी फिटर प्रत्येक कोपऱ्यावर एल्बो, म्हणजे काटकोनातला जोडतुकडा, टाकतो. बिलातही एल्बोचे पैसे लागतात, म्हणजे जास्तीचे जोड आपण पैसे मोजून घेतो. टाकीजवळ एक, शेगडीजवळ एक आणि गीझर असेल तर त्याच्याकडे फुटणारा एक टी, याहून जास्त जोड दिसले तर कारण विचारा.

जोड दोन तऱ्हेचे. एक फ्लेअरचा: पाइपचं तोंड हत्यारानं फुलवून पितळी नटनं आवळायचं. यात तांबं पितळेवर घट्ट बसतं, तेच त्याचं सील. फ्लेअरवर टेफ्लॉन टेप गुंडाळणारा फिटर आपलं फुलवण्याचं काम कच्चं आहे हे न बोलता सांगत असतो. टेप लागते ती आट्यांच्या जोडाला, आणि तिथे गॅससाठीची जाड पिवळी टेप वापरायची, नळाला लावतात ती पातळ पांढरी नाही. पाइप कापायलाही कटर हवा. हॅकसॉनं कापली की तोंड वाकडं होतं, आत बुरा राहतो, आणि तो बुरा पुढे शेगडीच्या जेटमध्ये, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकात, जाऊन बसतो.

दुसरा जोड ब्रेझिंगचा: पाइप तापवून फटीत वितळलेली धातूची कांडी भरायची. इथे एक गोष्ट बघून घ्यावी. साधं कथलाचं सोल्डर दोनशे अंशांच्या आसपास वितळतं. घरात दुसऱ्या कशानं आग लागली तर असे जोड सुटतात आणि लाइन आगीला गॅस पुरवायला लागते. ब्रेझिंगची चांदीमिश्रित कांडी सहाशे अंशांच्या वर वितळते. गॅसच्या लाइनला सोल्डर चालत नाही, ब्रेझिंगच लागतं.

हल्ली मधे अॅल्युमिनियम आणि दोन्हीकडे प्लास्टिक असलेली पाइपही मिळते. गॅससाठी म्हणून बनवलेली पिवळी असेल आणि तिचे जोड तिच्याच दाबायच्या हत्यारानं केले असतील तर ठीक. पाण्याची पीव्हीसी किंवा सीपीव्हीसी पाइप गॅसला कधीही नाही. आणि रबरी नळी भिंतीच्या भोकातून आरपार नेऊन बाहेरच्या टाकीला जोडणं हा प्रकार अजून बऱ्याच घरांत दिसतो. तो गॅस कंपन्यांच्या नियमांत बसत नाही, कारण भिंतीच्या आत नळी घासली, चिरली किंवा उंदरानं कुरतडली तर ते बाहेरून दिसत नाही.

तांब्याची लाइन झाली तरी दोन्ही टोकांना नळी लागतेच. टाकी बदलायची असते आणि शेगडी पुसताना सरकते. ही नळी आतून तार विणलेली नारिंगी सुरक्षा नळी हवी, दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि पाच वर्षांनी बदलायची. मुदत नळीवरच छापलेली असते. ट्रॉल्यांच्या घरात ती नेमकी मागच्या बाजूला जाते आणि ड्रॉवर उघड-बंद होताना त्याची पट्टी तिला घासत राहते. ट्रॉल्या बसल्यावर एकदा खालचा ड्रॉवर पूर्ण काढून मागे बॅटरी मारून बघाच.

पाइपची वाट

ड्राय बाल्कनीत टाकी ठेवायला माझी हरकत नाही; हवा खेळती असते. पण तिथे जमिनीत एक जाळी असते, धुण्याचं पाणी जायला. तिच्याखाली नहाणी ट्रॅप आणि पुढे थेट खालच्या मजल्यांपर्यंत जाणारी पाइप. ट्रॅपमध्ये पाणी भरलेलं असलं तर वायूची वाट अडते. मशीन दुसरीकडे हलवलं, बाल्कनी वापरात नाही, ट्रॅप सुकला, म्हणजे टाकीजवळ गळलेला गॅस त्या जाळीतून खाली उतरायला मोकळा. टाकी जाळीपासून निदान मीटरभर लांब ठेवा आणि ट्रॅपमध्ये अधूनमधून तांब्याभर पाणी ओता. तळमजल्याच्या घरात हीच गोष्ट ड्रेनेजच्या चेंबरची. जुन्या वाड्यांतली तळघरं आणि पार्किंगखालच्या पाण्याच्या टाक्यांची झाकणंही याच यादीत येतात. दुपारचं पश्चिमेचं ऊन थेट टाकीवर येत असेल तर आडोसा करा, पण चारी बाजूंनी पत्रे ठोकून पेटी करू नका.

पाइप भिंतीतून जाते तिथे तिला बाही हवी, म्हणजे जरा मोठ्या पाइपचा तुकडा, ज्याच्यातून गॅसची पाइप मोकळी जाईल. थेट सिमेंटमध्ये जखडलेली पाइप इमारत जराशी बसली की ताणली जाते. बाहीच्या आत जोड नको, आणि भोकाची तोंडं भरून घ्यावीत.

कन्सील लाइनचा आग्रह मी समजू शकतो. टाइल्सवरून पाइप गेलेली कुणाला आवडत नाही. पण उघडी पाइप क्लॅम्पवर सरळ रेषेत नेली तर कुरूप दिसत नाही, आणि पुढच्या दिवाळीला खिळा मारणाऱ्याला ती दिसते. भिंतीत गाडलेली पाइप ट्रॉलीवाल्याच्या ड्रिलला दिसत नाही. तरी गाडायचीच असेल तर गाडलेल्या भागात एकही जोड नको, पाइप फक्त आडवी आणि उभी जावी, तिरपी नाही, आणि गिलावा करण्याआधी टेप धरून तिचे फोटो काढावेत, जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती हे दिसेल असे. हे फोटो घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. घर विकलं तर नव्या मालकाला द्या.

विजेच्या बोर्डापासून आणि वायरिंगपासून लाइन निदान फूटभर दूर हवी. पीओपीच्या छताच्या पोकळीतून, झोपायच्या खोलीतून किंवा बंद डक्टमधून ती नेऊ नये. आणि घराचं अर्थिंग कुणी गॅसच्या पाइपला बांधलेलं दिसलं तर ते त्याच दिवशी सोडवून घ्या.

कॉक दोन लागतात. एक टाकीच्या बाजूला, लाइन घरात शिरण्याआधी, आणि दुसरा शेगडीजवळ, ज्योतीवरून हात न नेता पोचता येईल असा. शेगडीच्या बरोबर मागे भिंतीवर बसवलेला कॉक भडका उडाल्यावर काय कामाचा?

गीझर हा वेगळाच प्राणी

लाइन टाकतोच आहोत तर बाथरूमला एक टी काढून गॅस गीझर लावू, असं बरेच जण ठरवतात. इथे दोन प्रश्न आहेत. पहिला पुरवठ्याचा. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचं तर तासाला नऊ हजार किलोकॅलरी लागतात. एका किलो गॅसमधून सुमारे अकरा हजार मिळतात, त्यातल्या काही वाया जातात. म्हणजे गीझर चालू असताना तासाला किलोभर गॅस ओढतो, मोठ्या बर्नरच्या पाच-सहा पट. बारीक पाइपमधून एवढा गॅस लांबवर नेला की दाब वाटेतच उतरतो. गीझर चालू झाला की शेगडीची ज्योत बसत असेल तर पाइप बारीक पडली, हे ओळखावं. पाइप किती जाड घ्यायची ते फिटरनं दोन्ही उपकरणं एकदम चालतील असं धरून ठरवायला हवं.

दुसरा प्रश्न जिवाचा. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे बारा-तेरा घनमीटर हवा लागते. पाच बाय सातचं, नऊ फूट उंच बाथरूम म्हणजे जेमतेम नऊ घनमीटर. दहा मिनिटांच्या अंघोळीत गीझर त्यातली जवळजवळ पाव हवा वापरतो. ऑक्सिजन कमी पडायला लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेलं मर्कॅप्टन तर ज्योतीत जळून गेलेलं असतं. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखं वाटतही नाही. डोकं जड होतं, पाय जातात आणि आतून लावलेली कडी काढायचं त्राण उरत नाही.

गॅस गीझर बाथरूमच्या आत लावू नये. बाहेर बाल्कनीत लावावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ न्यावा. झरोका आहे, खिडकी आहे, आम्ही दार थोडं उघडं ठेवतो, या सगळ्या सबबी हिवाळ्यात टिकत नाहीत, कारण वारा येतो म्हणून ते सगळं बंद केलं जातं.

काम झालं, आता तपासणी

फिटर पैसे मागायच्या आधी दोन चाचण्या झाल्या पाहिजेत. पहिली हवेची. शेगडी आणि रेग्युलेटर सोडवून लाइनची तोंडं बंद करायची, पंपानं किलोभर दाबाची हवा भरायची, गेज लावायचा आणि निदान अर्धा तास काटा बघायचा. शेगडी सोडवायची कारण तिचे कॉक या दाबासाठी नसतात. बाहेरच्या पाइपवर ऊन आलं-गेलं तर काटा किंचित हलतो, तेवढं समजून घ्यावं. सावलीतही तो उतरत राहिला तर कुठेतरी गळतंय. ब्रेझिंगसाठी आणलेली ऑक्सिजनची बाटली समोर उभी असते म्हणून तीच जोडून चाचणी उरकण्याचा मोह फिटरला होतो. होऊ देऊ नका. ऑक्सिजनच्या दाबाखाली पाइपमधला तेलाचा ओशटपणासुद्धा पेट घेऊ शकतो.

दुसरी चाचणी गॅस सोडून, साबणाच्या पाण्याची. घट्ट फेस करून ब्रशनं प्रत्येक जोडाला लावायचा आणि मिनिटभर थांबायचं. बुडबुडा फुगला की जोड परत. ही चाचणी घरच्या माणसानं स्वतः करावी, आणि पुढेही नळी बदलली की, रेग्युलेटर बदलला की करावी. काडी पेटवून गळती शोधणारे अजून आहेत. त्यांना गळती सापडते, हे मात्र खरं.

टाकी घरी आल्यावर सील काढून वाल्वच्या तोंडावरही साबणाचं पाणी टाकून बघावं. आतली रबरी ओ-रिंग झिजली असेल तर रेग्युलेटर बसवल्यावर तिथून गॅस येतो, आणि लाइन कितीही चोख असली तरी उपयोग नाही. टाकीच्या वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला इंग्रजी ए ते डी यांतलं एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, पुढे तसंच. ती टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत. उलटून गेलेली असेल तर टाकी घेऊ नका.

दोन टाक्या एकाच लाइनला जोडून घ्यायच्या असतील तर दोन्ही फांद्यांना स्वतंत्र कॉक हवेत. एक टाकी काढताना तिचा कॉक बंद नसेल तर दुसऱ्या टाकीचा गॅस त्या मोकळ्या तोंडातून उलटा बाहेर येऊ शकतो. सोसायटीनं खाली टाक्यांची बँक करून सगळ्या फ्लॅटना गॅस पुरवायचा असेल तर गोष्ट फिटरच्या हातातली राहत नाही. शंभर किलोंच्या वर साठा गेला की परवाना लागतो, आणि ते काम गॅस कंपनीमार्फतच होतं.

वास आला तर, आणि पाणी आलं तर

वास आला तर स्विच चालूही करायचा नाही आणि बंदही करायचा नाही. ठिणगी दोन्हीत उडते. एक्झॉस्ट फॅन तर अजिबात नाही. टाकीचा रेग्युलेटर बंद करायचा, देवासमोरचा दिवा विझवायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, माणसं बाहेर काढायची. मीटर जिन्यात किंवा खाली असेल तर मेन स्विच तिथून पाडायचा, म्हणजे फ्रिजही बंद होतो. फोन घराबाहेर जाऊन करायचा. १९०६ हा गॅस गळतीचा क्रमांक चोवीस तास चालतो.

सांगलीकरांसाठी आणखी एक प्रकरण आहे, ते कुठल्याही छापील सूचनापत्रात क्वचितच असतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पुराच्या पाण्यात गॅसची टाकी काय करते? रिकामी तरंगते हे कुणीही सांगेल. भरलेलीसुद्धा तरंगते. लोखंडाचे सुमारे पंधरा किलो आणि गॅसचे १४.२, मिळून तीस किलोंच्या आत वजन. आणि टाकी पाणी बाजूला सारते पस्तीस लिटरच्या आसपास. म्हणजे पाणी चढलं की टाकी उचलली जाणार, आणि नळी-पाइप जोडलेली असेल तर लाइनला हिसके देत राहणार. जोड सुटतात ते तिथे.

पाणी वाढायची चिन्हं दिसली की रेग्युलेटर काढा, टाकीला दोरीनं बांधलेली प्लास्टिकची टोपी वाल्ववर घट्ट बसवा आणि टाकी वरच्या मजल्यावर न्या. नेता आली नाही तर उभी करून गजाला पक्की बांधा. लाइनचे दोन्ही कॉक बंद करा, म्हणजे गाळ पाइपमध्ये शिरत नाही. पूर ओसरल्यावर बुडालेला रेग्युलेटर धुऊन-पुसून परत लावू नका. त्याला श्वास घ्यायला एक बारीक भोक असतं आणि आत रबराचा पडदा. भोकात चिखल बसला की पडदा हलत नाही आणि दाब उतरवण्याचं काम बिघडतं. तो एजन्सीकडून बदलून घ्यावा लागतो. नळीही नवी. तांब्याच्या पाइपमध्ये पाणी गेलं असेल तर ते खालच्या वळणात साचतं आणि ज्योत भकभक करते. फिटरकडून हवा मारून लाइन मोकळी करून, पुन्हा गेजची चाचणी घेऊनच गॅस सोडा.

पाइपचा गॅस आला तर

शहराच्या पाइपलाइनमधून येणारा नैसर्गिक गॅस ही वेगळी वस्तू आहे. तो मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा जवळजवळ निम्म्यानं हलका, म्हणून गळला तर छताकडे जातो आणि जाळी वरच्या बाजूला हवी. घरात त्याचा दाब साधारण २१ मिलिबार, म्हणजे टाकीच्या गॅसपेक्षा कमी. एका घनमीटरमधली उष्णताही कमी, म्हणून शेगडीचे जेट बदलावे लागतात. टाकीच्या गॅसचे जेट तसेच ठेवले तर ज्योत अगदी दुबळी मिळते, आणि नैसर्गिक गॅसचे मोठे जेट टाकीच्या गॅसवर लावले तर ती पिवळी होऊन फणफणते. आपली तांब्याची लाइन याला चालेल का, असं लोक विचारतात. कंपनीचा माणूस मीटरपासून शेगडीपर्यंत आपली स्वतःची लाइन टाकतो. जुनी लाइन भिंतीत तशीच राहणार असेल तर टाकी काढून दिल्यावर तिची दोन्ही तोंडं पितळी बूच बसवून बंद करून घ्यावीत. नुसता कॉक फिरवून ठेवलेली लाइन कधीतरी कुणीतरी चालू आहे समजून जोडतो.